कोर्लईचं चर्च

आमच्या कडावात चर्च नाही. दिगंबर गणपतीचं देऊळ आहे, मारुती आहे, माघात गर्दी होते, एरवी सगळं शांत. कर्जत-खालापूरच्या भाताच्या गावांत वाढलेल्या माझ्या पिढीला ख्रिस्ती माणूस भेटायचा तो माथेरानच्या डोंगरावर, नाहीतर मुंबईच्या गिरणीत गेलेल्या काकाच्या चाळीत. त्यांचं देऊळ, त्यांचा पाद्री, त्यांचा नाताळ हे सगळं ऐकीव.

पण शब्द मात्र माणसांच्या आधी येऊन घरात बसले होते. आजी शेणाचं घमेलं डोक्यावर घ्यायची, पेटीची चावी कनवटीला खोचायची. काका पगार झाला की पाव घेऊन यायचा. दाराची बिजागरी मोडली तर सुतार यायचा, कुणाची जमीन गेली तर लिलाव झाला म्हणायचे. घमेलं, चावी, पगार, पाव, बिजागरी, लिलाव, बटाटा, पिंप, तुरुंग हे सगळे शब्द पोर्तुगीजांचे. आजीला पोर्तुगीज कोण हे ठाऊक नव्हतं आणि त्यामुळे तिचं काही अडलंही नाही. शब्द असेच येतात. बाजारातून मिठाबरोबर, सुकटीबरोबर घाटाच्या पायथ्यापर्यंत चढतात आणि आपले होऊन जातात.

मी एसटीत कंडक्टर झालो आणि नेमणूक झाली अलिबागला. कडावहून कर्जत, पुढं खोपोली, पेण, वडखळ, पोयनाड असा प्रवास. जिल्हा एकच, पण आम्हा डोंगराकडच्यांना समुद्रकाठ परमुलुखासारखा. मला बऱ्याचदा मुरुडची गाडी मिळायची. अलिबाग सोडलं की चौल, मग रेवदंडा, मग कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल, आणि पूल ओलांडला की कोर्लई. हा पूल १९८६ सालचा. त्याआधी पलीकडे जायचं तर होडी. मी लागलो तेव्हा पूल नवा होता आणि जुनी माणसं पुलावरून जाताना अजून खाली पाण्याकडं बघायची.

पहिल्याच आठवड्यात रेवदंड्याला दोन बाया टोपल्या घेऊन चढल्या. भाजी विकून परत निघाल्या होत्या. तिकीट मागितलं ते चांगल्या मराठीत, "मास्तर, दोन कोर्लई." पैसे मोजून दिले आणि एकमेकींशी बोलायला लागल्या. मी कान टवकारले. बोलण्याची चाल आपलीच, हेल आपलाच, पण शब्द एकही ओळखीचा नाही. गुजराती नाही, कानडी नाही, गोव्याकडची कोंकणीही नाही. न राहवून विचारलं, "मावशी, ही कोणती भाषा?"

"आमची."

"आमची म्हंजे?"

"आमची म्हंजे आमची. नॉ लिंग."

पुढं कळलं की तिनं माझ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर दिलं होतं. त्या बोलीत 'नॉ लिंग' म्हणजेच आमची बोली. बाहेरचे लोक तिला क्रिस्ती म्हणतात, अभ्यासक कोर्लई पोर्तुगीज म्हणतात. बोलणारे जेमतेम हजाराच्या आतबाहेर, सगळे एका गावच्या एका भागातले, वरच्या कोर्लईतले, आणि सगळे एकाच चर्चचे. ते चर्च कार्मेलच्या मातेचं.

पुढं तीसेक वर्षं त्या रस्त्यावर तिकिटं फाडली. सुट्टी जोडून मिळाली की किल्ला चढलो, वाडीत बसलो, मिळेल ते वाचलं. त्यातून जे जमलं ते इथं मांडतो. हा इतिहास एका लहानशा चर्चचा आहे. पण चर्च म्हणजे इमारत असं धरलं तर तो दोन पानांतही संपेल. खरा इतिहास त्या इमारतीनं काय सांभाळलं आणि काय सोडलं याचा आहे.

चौल हे फार जुनं बंदर. अरबस्तानातून घोडे इथं उतरायचे, देशावरचं कापड इथून बाहेर जायचं, इथं रेशीम विणलं जायचं. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, पण चौलवर त्यांची नजर त्याआधीपासून होती. १५०८ साली याच खाडीच्या तोंडाशी त्यांची आणि इजिप्तच्या आरमाराची लढाई झाली आणि त्यात त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढं १५२१ साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानं त्यांना खाडीच्या उत्तरेला ठाणं बांधायला परवानगी दिली. तेच आजचं रेवदंडा. तट उभा राहिला, तटाच्या आत शहर वसलं, आणि शहरात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट असे एकेका संघाचे मठ आणि चर्च उभे राहिले.

आज रेवदंड्याच्या वाड्यांतून नारळी-पोफळींच्या मधे ते अवशेष दिसतात. सातखणी म्हणतात तो उंच मनोरा म्हणजे फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा घंटेचा मनोरा. पलीकडे डॉमिनिकनांच्या चर्चची कमान. वर वेली, खाली सुपारी वाळत घातलेली. एवढी सगळी दगडी चर्चं ओस पडली. जे टिकलं ते पलीकडच्या तीरावरच्या साध्या वस्तीचं.

पलीकडच्या तीरावर डोंगराचं एक टोक समुद्रात घुसलंय. पोर्तुगीज त्याला चौलचा मोर्रो म्हणत. रेवदंडा तोफेच्या टप्प्यात ठेवायचं तर ही टेकडी हातात हवी हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. १५७०-७१ साली मुर्तजा निजामशहाच्या फौजेनं चौलला वेढा घातला, तो पोर्तुगीजांनी कसाबसा निभावला. पुढं निजामशाहीनं टेकडीवर ठाणं बांधलं आणि तिथून शहरावर मारा सुरू झाला. १५९४ साली पोर्तुगीजांनी ती टेकडी घेतली. तोच कोर्लईचा किल्ला. बुरुजांना संतांची नावं दिली, आत लहान प्रार्थनाघर बांधलं. ते आता पडलंय, भिंती उभ्या आहेत.

इथवरचा इतिहास कुठल्याही पुस्तकात मिळतो, कारण तो राजांचा आणि तोफांचा आहे. पण तट बांधला कुणी? तोफांचे गाडे ओढले कुणी, जहाजं रिकामी केली कुणी, मठांतलं पाणी भरलं कुणी, सैनिकांची मुलं सांभाळली कुणी? पोर्तुगालहून बायका फारशा येत नसत. सैनिकांनी इथल्या बायकांशी लग्न करावं असं धोरण गोव्यात आफोन्सो द आल्बुकेर्कच्या काळापासून होतं. चौललाही तेच झालं. अशा घरांभोवती नोकर, मजूर, गुलाम, शिपाई अशी माणसं गोळा झाली. कुणी जवळपासचं, कुणी लांबून आणलेलं. त्यांनी बाप्तिस्मा घेतला किंवा त्यांना दिला गेला. आणि बाप्तिस्मा झाला की जातीचा दरवाजा मागून बंद. भाऊबंदकी तुटली, जेवणखाण तुटलं, सोयरीक तुटली.

अशा माणसांना एकमेकांशी बोलायला एक भाषा लागते. ती त्यांनी मालकाच्या तोंडून उचलली, पण शाळेत बसून नाही. उचलली ती कामाच्या धबडग्यात, तुटक, कानाला जशी लागेल तशी. पोर्तुगीज शब्दांचे शेवटचे स्वर झडून गेले. 'लिंग्वा'चं 'लिंग' झालं. क्रियापदाची ती अवघड रूपं गळून पडली. मुलं जन्माला आली ती हीच बोली ऐकत, आणि मग ती तुटकी राहिली नाही. मुलांच्या तोंडी ती पूर्ण भाषा झाली. जगभर मळ्यांत, बंदरांत, गुलामांच्या वस्त्यांत अशा भाषा जन्मल्या. आपल्या देशात दमणला, दीवला, कोचीकडे जन्मल्या. चौलची ही त्यातली एक.

इथं कुणी विचारेल की वसईलाही पोर्तुगीज होते, मग वसईचे ख्रिस्ती मराठी कसे बोलतात? प्रश्न रास्त आहे. वसईत १५३४ पासून पोर्तुगीजांची सत्ता होती, चर्चंही कितीतरी जास्त. पण तिथं अख्खी गावं, अख्ख्या जाती ख्रिस्ती झाल्या. सामवेदी असोत, वाडवळ असोत, कोळी असोत, शेजारी तोच राहिला, शेत तेच राहिलं, म्हणून बोलीही तीच राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते याच वसईच्या मातीतले. गोव्यात तर फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं १६१६ साली मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापलं. म्हणजे चर्चला मराठीचं वावडं होतं असं नाही. कोर्लईची गोष्ट वेगळी, कारण तिथं गाव ख्रिस्ती झालं नाही. ठिकठिकाणची तुटलेली माणसं ख्रिस्ती झाली आणि त्यांचं मग गाव झालं.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. ती बातमी चौलला पोहोचली तेव्हाच तिथला शेवट ठरला होता. कोर्लईवर आप्पांनी सुभानराव माणकरांना पाठवलं आणि १७४० साली किल्ला मराठ्यांकडे आला. त्याच वर्षी तह झाला, चौल कायमचं सोडून पोर्तुगीज गोव्याला गेले. किल्ल्यावरच्या सान दिएगो बुरुजाचा गणेश बुरुज झाला, सान फ्रान्सिस्कोचा पश्चिम बुरुज झाला.

जे जाऊ शकत होते ते गेले. ज्यांची जहाजात जागा होती, गोव्यात नातेवाईक होते, हाताशी पैसा होता, ते सगळे गेले. मठ रिकामे झाले. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं ती माणसं राहिली. वसईच्या तहात मागं राहिलेल्या ख्रिस्ती लोकांनी आपला धर्म पाळायला हरकत नाही असं कलम होतं, आणि मराठ्यांनी या लोकांना त्यांच्या देवापासून तोडलं नाही हे मोकळेपणानं सांगायला हवं. ही मंडळी खाडीच्या अलीकडे, कोर्लईच्या टेकडीच्या आडोशाला वसली. एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी, पाठीला डोंगर. शेजारी कोळी होते, पण सोयरीक नव्हती. शेती करायची, भाजी पिकवायची, होडीनं रेवदंड्याला नेऊन विकायची.

आता विचार करा. राज्य गेलं, मालक गेला, बाजार मराठीचा, चावडी मराठीची. अशा वेळी परकी भाषा एका पिढीत जायला हवी होती. फार तर दोन. पण ती गेली नाही. १७४० नंतर पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ टिकली. नुसतं एकटं पडल्यानं भाषा टिकत नाही, एकटी पडलेली माणसं मुकाट शेजाऱ्यांसारखी होतात. ती टिकली कारण आठवड्यातून एक दिवस, एका जागी, तिच्याजवळची भाषा लागत होती. ती जागा चर्च.

हे कसं चाललं ते समजायला पद्रुआदो म्हणजे काय ते सांगायला हवं. पोपनं पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चचं पालकत्व दिलं होतं. बिशप राजा सुचवणार, पाद्री राजा पाठवणार, खर्चही त्याचाच. राज्य गेलं तरी हे पालकत्व सुटलं नाही. म्हणून पेशवाई आली नि गेली, १८१८ साली इंग्रज आले, तरी गोव्याकडून पोर्तुगीज बोलणारे पाद्री इकडच्या जुन्या चर्चांत येतच राहिले. १८८६ साली पोप आणि पोर्तुगालमध्ये नवा करार झाला, दमणच्या नावानं वेगळा बिशप आला, आणि १९२८ मध्ये ती व्यवस्था मुंबईच्या धर्मप्रांतात विलीन झाली. कागदावर इतकी उलथापालथ. वाडीतल्या माणसाला त्यातलं एवढंच जाणवायचं की मिस्सा लॅटिनमध्ये, प्रार्थना पोर्तुगीजमध्ये, घरी नॉ लिंग आणि बाजारात मराठी. चार भाषा, आणि शाळा न शिकलेली माणसं त्या चारींत जगत होती.

एका म्हाताऱ्या बाबांनी मला हे फार सोप्या शब्दांत सांगितलं होतं. गाडी पुलाजवळ बंद पडली होती, दुसरी गाडी यायला वेळ होता, आम्ही सावलीला बसलो होतो. म्हणाले, "पाद्रीबाबाचं आम्हाला अर्धं कळायचं, आमचं त्याला अर्धं कळायचं. त्यो म्हणायचा, तुमची पोर्तुगीज मोडकी हाय. आम्ही मनात म्हणायचो, तुझीच जरा जास्त लांब हाय." आणि हसले. मला त्या हसण्यात त्या चर्चचा अख्खा इतिहास दिसला. देवाची भाषा आपल्या भाषेची थोरली बहीण आहे ही भावना माणसाला आपल्या बोलीची लाज वाटू देत नाही. मोडकी म्हणून हिणवलं तरी ती कुणाची तरी नातलग आहे.

चर्चनं आणखी एक गोष्ट केली, तिचं महत्त्व आम्हा कर्जतकरांना लवकर कळतं. सोळाव्या शतकात ट्रेंट इथल्या धर्मसभेनं ठरवून दिलं की प्रत्येक धर्मग्रामानं बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही ठेवायची. मुलाचं नाव, आईबापाचं नाव, तारीख. राजाचं नाव तर कुठंही लिहिलं जातं. पण भाजी विकणाऱ्या बाईच्या पोराचं नाव लिहायचं कोण? माझ्या घराण्याचं मागं जायचं म्हटलं तर सातबारा आणि फेरफार, म्हणजे जमीन ज्याच्या नावावर तेवढ्यांचीच नावं. ज्यांच्या नावावर गुंठाही नव्हता ते गेले ते गेले. चर्चच्या वहीत नाव यायला जमीन लागत नाही, जन्माला यावं लागतं. गरीब वस्तीला इतिहास असण्याची ती पहिली पायरी.

मग हे बदललं कधी? विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात, आणि बदल कुणी वाईट हेतूनं केला नाही. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज सत्तेचा शेवटचा धागा तुटला. १९६२ ते १९६५ रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिनं सांगितलं की उपासना लोकांच्या भाषेत होऊ द्या. लॅटिन बाजूला झालं आणि जगभरच्या चर्चांत लोकांची भाषा आली. महाराष्ट्रातल्या खेड्यात लोकांची भाषा कोणती? मराठी. कोर्लईच्या चर्चमध्ये मराठी आली. वेदीवर मराठी, भक्तिगीतं मराठी, प्रवचन मराठी.

किती रास्त निर्णय! लोकांना समजेल अशा भाषेत देव सांगायचा, यात आक्षेप कसला? पण ज्या लोकांसाठी हे झालं त्यांची भाषा मराठी नव्हती, नॉ लिंग होती. आणि ती लिहिली जात नव्हती, छापली जात नव्हती, तिच्यात पुस्तक नव्हतं. परिषदेत बसलेल्यांना ती आहे हे माहीत असायचंही कारण नव्हतं. पोर्तुगीज गेली आणि तिच्या आधारानं उभी असलेली बोली एकदम उघडी पडली. ज्या जागेनं तिला धरून ठेवलं होतं तिथंच आता तिचं काम उरलं नाही.

बाकीची कारणं पाठोपाठ आली. शाळा मराठीच होती, आता इंग्रजीकडे ओढ आहे. १९८६ चा पूल झाला आणि गाव रस्त्यावर आलं. आम्ही एसटीवाल्यांनी त्या गावाची पोरं अलिबागच्या कॉलेजात नेली, मुंबईच्या नोकरीवर नेली, लग्नाची वऱ्हाडं आणली. पूल नको होता असं कोण म्हणेल? अडलेल्या बाईला पावसाळ्यात होडीनं न्यायचं म्हणजे काय, ते त्या गावाला विचारा. भाषेच्या नावानं गावाला होडीत बसवून ठेवायचा अधिकार कुणालाच नाही.

बोलीवर मराठीचा रंग मात्र फार जुना. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं या एका वाडीच्या बोलीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, १९९६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यातून कळतं ते मोठं मजेचं आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद मधे येतं, कर्म नंतर. नॉ लिंगमध्ये ते सरकत सरकत वाक्याच्या शेवटी आलं, अगदी आपल्या 'मी पेज जेवलो'सारखं. आणि मराठी क्रियापद उसनं घेतलं की त्याच्या शेवटी 'उ' लावायचा, असा वेगळा गटच त्यांनी केला. शब्द पोर्तुगीज, मांडणी मराठी. मी त्या पहिल्या दिवशी बसमध्ये जी 'चाल आपलीच' ऐकली होती ती ही. अंगावर कपडे कुठलेही असोत, चालणं इथल्या वाटेचं होतं.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण गाडीत अधूनमधून ऐकलंय. कोर्लईचा थांबा आला की कुणीतरी पाहुण्याला समजावतो, "हे लोक पोर्तुगीज." कौतुकानं म्हणतात, कधी दुसऱ्या सुरात. दोन्ही सूर चुकीचे. पोर्तुगीज होते ते १७४० सालीच गलबतात बसले. राहिले ते इथले. त्यांच्या आज्या-पणज्या याच किनाऱ्याच्या, त्यांचं भात याच पावसावर पिकतं. कार्मेलच्या मातेचा सण चर्चच्या पंचांगात १६ जुलैला येतो. १६ जुलै म्हणजे आमच्याकडे आवणीची ऐन घाई, चिखलातून मान वर करायला फुरसत नसते. शेतकऱ्याचा सण शेतीच्या घाईत आला की काय तारांबळ होते ते कडावच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ज्यांची तारांबळ आपल्यासारखी ते परके कसे?

दुसरीकडच्या अशा बोलींचं काय झालं तेही बघावं. कोचीजवळच्या वायपीन बेटावर पोर्तुगीजांपासून झालेली अशीच एक बोली होती. तिचा शेवटचा चांगला बोलणारा माणूस २०१० साली वारला. एक माणूस गेला आणि भाषा गेली. कोर्लईत अजून तसं नाही. घराघरांत ती आहे, म्हाताऱ्यांच्या गप्पांत आहे, आई रागावली की आहे. पण पोरं ऐकतात नि मराठीत उत्तर देतात. हे मी गाडीत वर्षांमागून वर्षं पाहिलं. आधी आजी आणि नात दोघी नॉ लिंगमध्ये बोलायच्या. मग आजी बोलायची नि नात मराठीत उत्तर द्यायची. मग आजीच मराठीत बोलायला लागली.

हेच मी कडावकडे पाहिलंय, फक्त तिथं चर्च नव्हतं. आमच्या बाजूच्या वाड्यांवर कातकरी आहेत. त्यांची आपसातली बोली वेगळी, आम्हाला चटकन कळायची नाही. पोरं आश्रमशाळेत गेली, वीटभट्टीवर गेली, आणि बोली घरच्या घरी आटायला लागली. कातकरी बोलीसाठी अमेरिकेहून माणूस आल्याचं आमच्या वाडीवर कुणी पाहिलं नाही. तिला वही नव्हती, घंटा नव्हती, ठरलेला वार नव्हता. त्यामुळे कोर्लईकडे बघताना मला कौतुकाइतकाच हिशेब सुचतो. भाषा प्रेमानं टिकत नाही. तिच्यावाचून एखादं काम अडलं पाहिजे, तिच्यासाठी एखादी जागा राखलेली पाहिजे. कोर्लईला ती जागा दोन शतकांहून जास्त मिळाली, योगायोगानं का होईना.

म्हणून वाटतं की जी जागा होती ती अजून उभी आहे, तिचाच उपयोग व्हावा. मराठी उपासना काढा असं मी म्हणत नाही, मराठी त्या लोकांचीही आहे. पण सणाच्या दिवशी एखादी प्रार्थना नॉ लिंगमध्ये, म्हाताऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी आणि गाणी आवाजात भरून ठेवणं, देवनागरीत एक साधी शब्दांची वही, हे एका लहान धर्मग्रामाला झेपेल असं काम आहे. ज्या संस्थेनं जन्माला आलेल्या प्रत्येक पोराचं नाव लिहून ठेवायची शिस्त जगाला लावली, तिला शब्द लिहून ठेवणं अवघड नाही. आणि हे काम बाहेरच्यांनी येऊन करायचं नाही, तिथल्या पोरांनी आजीजवळ बसून करायचं.

कोर्लईचा किल्ला बघायला आता पुष्कळ लोक येतात. गाडी दीपगृहाशी लावतात, वर चढतात, फोटो काढतात, बुरुजांची नावं वाचतात आणि परत जातात. त्यांना एवढंच सांगेन की उतरल्यावर लगेच गाडीत बसू नका. वरच्या कोर्लईच्या वाटेनं चार पावलं चाला. एखाद्या ओटीवर दोन म्हाताऱ्या बोलत बसलेल्या असतील. त्यांचा फोटो काढू नका, त्यांना पोर्तुगीज म्हणू नका. पाणी मागा, बसा, आणि त्या आपसात काय बोलतात ते नुसतं ऐका. किल्ल्यावर जे तुम्ही पाहिलंत ते पडलेलं आहे. हे अजून चालू आहे.